टेबल अ‍ॅडजस्ट होणार नाही

टेबल लिफ्टपेक्षा चार बोटं मोठं निघालं.

टेम्पोवाल्याने आधी टेबलाकडे पाहिलं, मग लिफ्टकडे, मग कालिंदीबाई त्रिलोकेकरांकडे. या तिघांत नमतं घेणारं कोण असेल याचा त्याने मनाशी अंदाज बांधला, तो साफ चुकला, आणि तो म्हणाला, "मॅडम, थोडा अ‍ॅडजस्ट करना पडेगा."

"कोणाला?" कालिंदीबाईंनी विचारलं.

हा प्रश्न टेम्पोवाल्याला आजवर कोणी विचारला नव्हता. खरं म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न कोणीच कोणाला विचारत नाही. 'अ‍ॅडजस्ट करा' असं कोणी म्हटलं की ज्याच्याकडे बघून म्हटलंय त्याने मुकाट्याने सरकायचं असतं, एवढं शिक्षण प्रत्येकाला पाळण्यात असतानाच मिळालेलं असतं.

या शब्दाबद्दल थोडं बोलायलाच हवं. साहेबाच्या देशात तो म्हणे घड्याळाला लावतात, खुर्चीच्या दांड्याला लावतात, फार तर टायच्या गाठीला लावतात. आपण तो थेट माणसांना लावला. कालिंदीबाई गिरगावात राहत होत्या आणि माहेरच्या धराधर होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांना बघायला आलेल्या पहिल्याच स्थळाच्या आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली न ठेवता विचारलं होतं, "मुलगी अ‍ॅडजस्ट होणारी आहे ना?" जणू पंखा घ्यायला आल्या होत्या. पुढे शिंप्याने ब्लाऊज काखेत आवळून ठेवला, तर तो म्हणे, "दोनदा घाला, अ‍ॅडजस्ट होईल." ब्लाऊज होईल की काख, ते त्याने सांगितलं नाही. चष्म्याचा नंबर चुकला तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोळे अ‍ॅडजस्ट होतील. धाकट्या नणंदेच्या लग्नात दादरच्या एका कार्यालयाच्या मॅनेजरने एकाच हॉलमध्ये एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेतली आणि मध्ये पडदा ओढून देऊन तोंड भरून म्हणाला, "अ‍ॅडजस्ट!" पलीकडच्या मंगलाष्टकांवर इकडच्या अक्षता पडल्या. नणंदेचं लग्न नेमकं कोणत्या 'सावधान'ला लागलं याबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. सरकारी कचेरीत हाच शब्द आवाज खाली आणून, खिशाकडे बघत म्हणतात. तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

एकसष्ट वर्षं हे सगळे अर्थ स्वतःवर झेलल्यावर कालिंदीबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. हा शब्द उच्चारणारा माणूस जागचा कधीच हलत नाही.

म्हणून त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "लिफ्टमधून जात नसेल तर जिन्याने न्या. टेबल अ‍ॅडजस्ट होणार नाही. मीही होणार नाही."

आणि त्या जिना चढू लागल्या.

हे टेबल म्हणजे काही साधं टेबल नव्हतं. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, अस्सल सागवानी, दोन्ही बाजूंना पितळी कड्यांचे खण, आणि एकाही खिळ्याशिवाय नुसत्या सांध्यांवर उभं. फोर्टमधल्या ज्या विमा कंपनीत कालिंदीबाईंनी तेहेतीस वर्षं क्लेम विभागात घासली, तिथल्या मॅनेजरचं ते टेबल. पलीकडच्या बाजूला साहेब बसत. साहेब बदलत गेले, एक गेला की दुसरा येई, टेबल तेच. अलीकडच्या बाजूला मात्र तेहेतीस वर्षं कालिंदीबाईच उभ्या होत्या. रजेचा अर्ज घेऊन गेलं की साहेब म्हणायचे, "या महिन्यात जरा अ‍ॅडजस्ट करा." बढतीची यादी लागली की म्हणायचे, "त्या सामंतांच्या घरची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे, या वेळी तुम्ही अ‍ॅडजस्ट करा." सामंतांच्या घरची परिस्थिती पुढे इतकी सुधारली की त्यांनी लोणावळ्याला बंगला बांधला. कालिंदीबाईंना वास्तुशांतीचं आमंत्रण होतं.

कंपनीने जुनी जागा सोडून काचेच्या इमारतीत बिऱ्हाड हलवलं आणि जुनं फर्निचर काढायचं ठरवलं, तेव्हा निवृत्त कर्मचाऱ्यांनाही अर्ज करायची मुभा दिली. कालिंदीबाईंनी केला. टेबलासाठी दुसरा अर्जच नव्हता. मुंबईत पाच फूट लांब टेबल ठेवायला कोणाकडे जागा असते?

त्रिलोकेकरांकडेही नव्हती. भोईवाड्यातली त्यांची चाळ पाडून तिथे सात मजली 'नवयुग निवास' उभी राहिली, तेव्हा चौथ्या मजल्यावर चारशे पाच चौरस फूट वाट्याला आले. त्यातला सोफा नवऱ्याचा, श्यामकांतरावांचा; ते सकाळपासून दोन वर्तमानपत्रं अंगावर पांघरल्यासारखे तिथे बसत. जेवणाचं टेबल ध्रुवचं. मुलाचं ऑफिस आता घरातूनच चाले आणि ताटं त्याच्या दोन स्क्रीनच्या मध्ये अंग चोरून बसत. कालिंदीबाईंना बसायला घरभर जागा होती. पण जिथे बसतील तिथून पाच मिनिटांत कोणीतरी म्हणे, "आई, जरा," नाहीतर "अगं, जरा सरकतेस का?" कॉटवर बसल्या की कपाट उघडायचं असे, स्टुलावर बसल्या की माळ्यावरचं काढायचं असे. त्यांना अशी एक जागा हवी होती, जिथून त्यांना कोणी उठवणार नाही. बस्स. एवढंच त्यांना हवं होतं आणि ते इतकं तीव्रपणे हवं होतं की त्याची त्यांनाच थोडी लाज वाटायची.

"पण टेबल कशाला?" श्यामकांतरावांनी महिनाभर विचारलं होतं. "लिहिणार-बिहिणार आहेस का काही?"

"नाही."

"काकी, शिकवण्या काढताय?" तिसऱ्या मजल्यावरच्या अक्षताने विचारलं.

"नाही."

"मग?"

"बसायला," कालिंदीबाई म्हणाल्या. हे उत्तर ऐकून नवयुग निवासमध्ये चार दिवस काळजीचं वातावरण होतं. एकदोघींनी श्यामकांतरावांकडे घरात सगळं ठीक आहे ना अशी चौकशीही केली.

तर टेबल जिन्याने निघालं. पहिल्या मजल्यापर्यंत ते मानाने गेलं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर बिल्डरने जिन्यातला जो दीड फूट वाचवला होता तो आडवा आला. टेबल उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं, पालथं केलं. टेम्पोवाल्याच्या दोघा हमालांनी आपापल्या गावच्या देवांची नावं घेतली. शेवटी टेबल असं अडकलं की एक हमाल वर राहिला, एक खाली, आणि दोघांना एकमेकांचे फक्त आवाज ऐकू येऊ लागले. लिफ्टला घाबरणारे दुसऱ्या मजल्यावरचे नाना दवाखान्यात निघाले होते. ते टेबलाखालून रांगत गेले आणि जाताना "राहू दे, राहू दे, होतो मी अ‍ॅडजस्ट," असं म्हणाले. मग ते तासाभराने परतही आले, तसेच.

संध्याकाळी टेबल परत तळमजल्याच्या लॉबीत उतरलं.

श्यामकांतरावांनी शिवा सुताराला बोलावलं. शिवाने टेबलाभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने लाकूड वाजवलं, वाकून सांधे पाहिले आणि दोन्ही कानांना हात लावले. "काय काम केलंय हो! एक खिळा नाय." मग कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "पाय कापतो. वर नेतो. परत जोडतो. आतून पट्टी मारली की अ‍ॅडजस्ट होतंय, कळणार पण नाय."

"शिवा, तुझा पाय गुडघ्यात कापला आणि वर नेऊन पट्टी मारली तर?" कालिंदीबाईंनी विचारलं.

शिवाने पेन्सिल परत कानावर ठेवली.

"कालिंदी, अगं तो चांगलं सांगतोय," श्यामकांतराव म्हणाले.

"मग तुमचे कापून घ्या," त्या म्हणाल्या. श्यामकांतराव स्वभावाने शांत होते. आयुष्यभर त्यांनी कोणाशी भांडण केलं नव्हतं, कारण त्यांच्या वाट्याची सगळी अ‍ॅडजस्टमेंट बायको करत होती. ते चालत लिफ्टकडे गेले.

आणि इथे कालिंदीबाईंच्या हातून चूक झाली. एवढी मोठी चूक चाळीत वाढलेल्या बाईने करायला नको होती. त्यांनी टेबल रात्रभर लॉबीत ठेवलं.

चाळ पाडता येते, चाळीची रीत पाडता येत नाही. चाळीत आपल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत जे आहे ते आपलं. उंबऱ्याबाहेर गॅलरीत जे ठेवलं ते सगळ्यांचं. गॅलरीतल्या खुर्चीवर जो येईल तो बसे, गॅलरीतल्या दोरीवर ज्याला लागेल तो टॉवेल टाके. नवयुग निवासला संगमरवरी लॉबी आली तरी रहिवाशांच्या लेखी ती गॅलरीच होती.

सकाळी सात वाजता कालिंदीबाई खाली आल्या तेव्हा टेबलावर दुधाच्या पिशव्या होत्या. आठ वाजता वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. नऊ वाजता तळमजल्यावरचे अप्पा पेडणेकर, वय वर्षं ब्याऐंशी, आपला चहाचा ग्लास घेऊन आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीसकट टेबलाच्या एका टोकाला स्थिरावले. दुपारपर्यंत कुरिअरवाल्यांना शोध लागला. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या बायका मटार सोलायला खाली उतरल्या. चौथ्या दिवशी कॅरमचा बोर्ड आला, पाचव्या दिवशी वॉचमनची वही, आणि सहाव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी विकास मयेकर यांनी त्यावर कुलूप लावलेली तक्रारपेटी ठेवली.

"मयेकर, हे टेबल माझं आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

"तुमचंच आहे की वहिनी! कोण नाही म्हणतंय?" मयेकर म्हणाले. "पण आता आहेच खाली, तर सगळे अ‍ॅडजस्ट करून वापरतायत."

मयेकर हे वाईट गृहस्थ नव्हते. फक्त त्यांच्याकडे सोसायटीचा शिक्का होता. ज्या माणसाला नोकरीत कधी शिक्का मिळाला नाही त्याला निवृत्तीनंतर तो मिळाला की तो दिवसातून एकदा तरी उठवल्याशिवाय अन्न पचत नाही. कालिंदीबाईंनी आवाज चढवल्याबरोबर मयेकरांनी त्याच दिवशी नोटीस काढली. तिच्यात लिहिलं होतं, 'आपले सदर टेबल सामायिक जागेत अडथळा करीत असल्याने ते सात दिवसांचे आत, शक्य त्या कोणत्याही मार्गाने, लॉबीतून हलवावे.' खाली सही, शिक्का, तारीख. ही नोटीस त्यांनी त्याच टेबलावर ठेवून लिहिली होती, कारण दुसरीकडे लिहायला जागा नव्हती.

कालिंदीबाईंनी ती वाचली, तिच्यावर 'मिळाली' लिहून तारीख घातली आणि फाइलला लावली.

सात दिवस संपायच्या आत माघी गणपती आले. सोसायटीचा दीड दिवसाचा गणपती लॉबीत बसे. नेमकं त्याच वर्षी मखराच्या चौरंगाचा पाय मोडला, म्हणजे मोडला असं मयेकर म्हणाले. चौरंग कोणी पाहिला नाही. ते हात जोडून चौथ्या मजल्यावर आले. "वहिनी, बाप्पांसाठी तरी अ‍ॅडजस्ट करा."

आता देवाला नाही कसं म्हणणार? कालिंदीबाईंनी पूर्ण एक मिनिट विचार केला. "बाप्पा मागत असते तर त्यांनाच दिलं असतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही मागताय म्हणून दीड दिवसाचं लिहून द्या." मयेकरांनी तोंडी होकार दिला. लिहून द्यायचं ते 'उद्या' म्हणाले.

दीड दिवस टेबल फार छान दिसलं. त्यावर लाल कापड, मागे झेंडूच्या माळा, समोर मोदक. आरतीला कालिंदीबाईंचे डोळे भरून आले, ते भक्तीने की आपल्या टेबलाचा थाट बघून, हे त्यांनी तपासलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या तर टेबलावर दुसरी नोटीस चिकटवलेली होती. 'सदर टेबलावर श्रींची स्थापना झालेली असल्याने, रहिवाशांच्या भावना विचारात घेऊन, ते यापुढे सोसायटीच्या वापरात अ‍ॅडजस्ट करून घेण्यात येत आहे. कमिटीच्या परवानगीशिवाय कोणीही हलवू नये.' सही, शिक्का, तारीख.

म्हणजे एका कागदाप्रमाणे टेबल तिथे असणं हा गुन्हा होता, आणि दुसऱ्याप्रमाणे तिथून नेणं हा गुन्हा होता. असा कागद क्लेम विभागातही कालिंदीबाईंच्या पाहण्यात आला नव्हता.

"काकी, आता जाऊ दे ना," अक्षता म्हणाली. "बाप्पाच बसले त्यावर. पुण्य आहे."

"आई, मी तुला ऑनलाइन एक फोल्डिंग टेबल मागवतो," ध्रुव म्हणाला. "भिंतीला लागतं. काम झालं की बंद. एकदम अ‍ॅडजस्टेबल."

कालिंदीबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः घासलं.

कालिंदीबाईंना रागाने रडू येत होतं आणि रडायला घरात जागा नव्हती. बाथरूममध्ये श्यामकांतराव दाढी करत होते. मग त्यांनी नेसती साडी बदलली, ऑफिसला नेसायच्या त्यातली निळी काढली, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ध्रुवच्या खालून काढून घेतली, ती लिफ्टमधून खाली नेली आणि टेबलाच्या मागे, साहेबांच्या बाजूला, मांडून बसल्या. सकाळचे दहा वाजले होते. साडेपाचला त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला हजर.

पहिल्या दिवशी बिल्डिंग हसली. दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसासमोर, या बाजूने येणारा माणूस आपोआप उभा राहतो. कुरिअरवाला उभा राहिला. मटारवाल्या बायका टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या आणि मग परत वर गेल्या. खुद्द मयेकर तक्रारपेटी उघडायला आले ते हात मागे बांधून उभे राहिले आणि पेटी काखेत मारून घेऊन गेले. आतमध्ये एकच तक्रार होती, ती पेटीबद्दलच होती. तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरचा एकजण मेडिक्लेमचा नाकारलेला अर्ज घेऊन खाली आला. "ठेवा इथे, बघते," असं म्हणून कालिंदीबाईंनी चष्मा लावला आणि कंपनीची चूक तीन मिनिटांत शोधून दिली. दुपारी पाच माणसांची लाइन लागली.

त्याच दुपारी अप्पा चहाचा ग्लास घेऊन नेहमीच्या कोपऱ्याशी आले. कालिंदीबाईंनी मान वर न करता, समोरच्या कागदावरची बोटंही न उचलता म्हटलं, "अप्पा, आज कागद पसरलेत, जरा अ‍ॅडजस्ट करा."

अप्पा सरकले. चहाचा ग्लास हातात धरून, भिंतीला टेकून उभे राहिले.

कालिंदीबाईंच्या अंगावर काटा आला. आवाज त्यांचाच होता, पण तो सूर, ती मान खाली घालून बोलायची तऱ्हा, सगळं साहेबांचं होतं. तीन दिवसांत! तेहेतीस वर्षं अलीकडे उभं राहून जे कधी अंगी लागलं नाही ते पलीकडे तीन दिवस बसून लागलं होतं. त्या ताडकन उठल्या, कागद गोळा केले आणि ब्याऐंशी वर्षांच्या अप्पांची खुर्ची स्वतः ओढून टेबलाला लावली.

"चुकलं माझं, अप्पा. बसा."

"मी बसतंय गो," अप्पा म्हणाले. "पण तू हय किती दिवस बसतलंस? ह्यां टेबल वर जाऊक होया ना तुका?"

"लिफ्ट लहान, जिना वाकडा. कसं जाणार?"

"आमच्या मन्याक सांगतंय," अप्पा म्हणाले. "तो अठरा फुटांचो गणपती कारखान्यातसून भायर काडता, वायर तुटना नाय, बोट तुटना नाय. तुझा टेबल म्हणजे काय!"

मनू हा अप्पांचा पुतण्या. लालबागजवळच्या एका मंडळाची मूर्ती आणायचं काम गेली बावीस वर्षं त्याच्याकडे होतं. तो आला, गच्चीकडे पाहिलं, चौथ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं, खांबावरच्या केबलींकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "काकी, परवानगी आहे ना? मागून लफडी नकोत."

कालिंदीबाईंनी रात्री जेवणानंतर फाइल उघडली. क्लेम विभागात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते. पहिलं पत्र रद्द केल्याचं पत्र जोवर येत नाही, तोवर पहिलं पत्र जिवंत असतं. मयेकरांनी दुसरी नोटीस काढली होती, पण पहिली मागे घेतली नव्हती. घेणार कसे? शिक्का उठवताना माणसाला मागचा शिक्का आठवत नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता मनूची माणसं आली. गच्चीवर कप्पी लागली. टेबलाला आधी गोधड्या, मग गोणपाट, मग दोर, असा साज चढला. चौथ्या मजल्यावर श्यामकांतराव गॅलरीच्या सरकत्या खिडक्या काढत होते. त्या खिडक्या नियमाप्रमाणे तिथे असायलाच नको होत्या. पण बिल्डिंगमध्ये प्रत्येकाने लावल्या होत्या, त्यामुळे त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. गल्लीत गर्दी जमली. करी रोडकडून येणारे रिकामटेकडेही थांबले. टेबल लॉबीतून बाहेर आलं तशी कोणीतरी सवयीने "मोरया!" म्हटलं.

मयेकर बनियनवर धावत आले. "थांबा! थांबा! परवानगी कोणाची?"

"तुमची," कालिंदीबाई म्हणाल्या आणि फाइल उघडून धरली. "लॉबीतून हलवावे. शक्य त्या कोणत्याही मार्गाने. ही सही तुमचीच ना?"

"अहो, पण ते हलवायचं म्हणजे... बाहेर!"

"बाहेरच काढलंय. बघा."

"दुसरी नोटीस?"

"तिच्यात पहिली रद्द केल्याचं कुठे आहे, दाखवा."

मयेकरांनी फाइल दोनदा वाचली. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, आपण बसून यातून काहीतरी अ‍ॅडजस्ट..."

"मनू, ओढ," कालिंदीबाई म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

मनूने शीळ घातली. दोर ताणले गेले. टेबल जमिनीवरून उचललं गेलं आणि भोईवाड्याच्या हवेत संथपणे वर जाऊ लागलं. खालून दोघेजण लांब बांबूंनी केबली बाजूला सारत होते. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या मजल्यावर ते अक्षताच्या एसीच्या बाहेरच्या डब्याखाली अडलं.

अक्षताने डोकं बाहेर काढलं. "अहो मनूदादा, एसी! जरा अ‍ॅड..." एवढं म्हणून तिची नजर वर गेली. चौथ्या मजल्यावरून कालिंदीबाई वाकून बघत होत्या. अक्षताने तोंड मिटलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिने आपल्या कुंड्या भराभर आत घेतल्या, कपड्यांचा स्टँड ओढला, स्वतः खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून टेबल दोन्ही हातांनी बाहेर ढकललं आणि ओरडली, "घ्या वर! न्या, काकी, न्या!" गल्लीत टाळ्या पडल्या. टेबल चौथ्या मजल्यावर पोचलं तेव्हा त्याच्या एका पायात अक्षताच्या नवऱ्याची बर्म्युडा होती.

घरात आल्यावर ते खालच्यापेक्षा दुप्पट मोठं दिसू लागलं. खिडकीजवळ ते बसलं, बसलं म्हणजे त्याने जागा घेतली. सोफा भिंतीला चिकटला. कपाटाचं एक दार अर्ध्याहून जास्त उघडेना. फ्रीज आणि दरवाजा यांपैकी एका वेळी एकच उघडता येणार हे उघड झालं. श्यामकांतरावांनी खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "कालिंदी, आपण हे थोडं..."

कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना पुढचा शब्द ठाऊक होता. चाळीस वर्षं ठाऊक होता. त्या थकल्या होत्या, आणि आता घरातच हरायची वेळ आली तर पुन्हा लढायचं बळ आपल्यात आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मनात खरीखुरी भीती होती.

श्यामकांतराव थांबले. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, पायातली चप्पल काढली. "ध्रुव, त्या टोकाला धर," ते म्हणाले. बापलेकांनी सोफा आणखी आत रेटला, इतका की त्यावर बसणाऱ्याला गुडघे एका अंगाला वळवूनच बसावं लागणार होतं. श्यामकांतराव तसे बसले. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, ते अर्धंच उघडता आलं, म्हणून अर्धंच वाचू लागले.

कालिंदीबाई टेबलामागे बसल्या.

तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. मयेकर होते. लिफ्ट बंद होती, त्यामुळे ते धापा टाकत होते. सवयीने ते टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, झालं गेलं सोडून देऊ. येत्या रविवारी जनरल मीटिंग आहे. लॉबीत साधं टेबल नाही हो आता. तो मनू आहेच, दोर आहेच. एका दिवसाचा प्रश्न आहे. तेवढं जरा अ‍ॅडजस्ट कराल?"

"नाही," कालिंदीबाई म्हणाल्या.

मयेकर थांबून राहिले. आपल्याकडे नाहीच्या मागून 'म्हणजे तसं नाही, पण' असं काहीतरी येतं, बघते म्हणतात, यांना विचारते म्हणतात. ते तसं काही येण्याची वाट बघत होते. काही आलं नाही. मग त्यांनी आशेने सोफ्याकडे पाहिलं. "त्रिलोकेकर, तुम्ही तरी सांगा."

श्यामकांतरावांनी वळवलेले गुडघे तसेच ठेवून अर्ध्या वर्तमानपत्रावरून वर पाहिलं.

"जाताना दार ओढून घ्या, मयेकर," ते म्हणाले. "फ्रीज उघडायचाय."

दार लागलं. पावलं जिन्याने खाली गेली. कालिंदीबाईंनी टेबलावर काहीच ठेवलं नव्हतं, ना वही, ना पेन, ना चष्मा. त्यांनी दोन्ही कोपरं त्यावर टेकवली आणि जितकी पसरता येतील तितकी पसरली.